पत्रांतली पाखरे

पुढाऱ्याचे पत्र म्हटले की आपल्या खेड्यात डोळ्यांपुढे येते ती शिफारशीची चिठ्ठी. पोराला वसतिगृहात घ्या, विहिरीचे कर्ज मंजूर करा, एस. टी. चा थांबा फाट्यावर द्या, गुरुजींची बदली थांबवा. खाली लपेटदार सही. असे पत्र मिळवायला माणूस तालुक्याला चार हेलपाटे घालतो आणि मिळाले की घडीवर विरेपर्यंत खिशात जपतो. कधी काम होते, पुष्कळदा होत नाही.

आज सांगायची आहे ती वेगळ्याच पत्रांची गोष्ट. त्यांत शिफारस आहे ती पाखरांची, नदीतल्या गोट्यांची, रानाची आणि समुद्रकाठच्या वाळूची. पत्रे लिहिणारी दोन माणसे या देशाचे पंतप्रधान झाली, एक बाप आणि एक लेक. तिसरा माणूस मुंबईचा. हातात नोकरी नव्हती तेव्हा अलिबाग तालुक्यातल्या किहीम गावी शिडीवर बसून सुगरणीची घरटी बघणारा. तुम्ही म्हणाल, या पत्रव्यवहाराशी आम्हा शेतकऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जसा गोड आहे तसा कडूही आहे.

सुरुवात होते १९२८ च्या उन्हाळ्यात. जवाहरलाल नेहरू अलाहाबादेत होते आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी इंदिरा थंड हवेसाठी मसुरीला. मुलगी नजरेआड, तिच्याशी बोलायचे कसे? वडिलांनी पत्रे लिहायला घेतली. पृथ्वी कशी झाली, खडक कसे बनले, पहिले प्राणी कोणते, माणूस शेती कधी करू लागला, असे विषय. अशी तीस पत्रे पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याच पत्रात नदीतल्या गुळगुळीत गोट्याची गोष्ट आहे. हा गोटा एवढा वाटोळा कसा झाला? कधीकाळी तो डोंगरावरच्या कड्याचा तुकडा होता, कोपरे टोकदार होते. पावसाने त्याला ओढ्यात आणले, ओढ्याने नदीत ढकलले, घासत घासत त्याची धार गेली. आणखी पुढे गेला असता तर वाळूचा कण झाला असता. आपल्याकडे पाटा-वरवंट्याला आणि देवघरातल्या बाणाला गोटे लागतातच. पण त्यांच्याकडे बोट दाखवून पोराला ही गोष्ट सांगणारे बाप थोडे. दगड वाचता येतो, पक्षी वाचता येतो, हे त्या दहा वर्षांच्या मुलीला वडिलांच्या हस्ताक्षरात कळले.

पुढे वडिलांचे बरेच आयुष्य तुरुंगात गेले. तुरुंगात माणसाला वेळ फार आणि बघायला कमी. पंडितजी जे दिसेल ते बघत राहिले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी तुरुंगातल्या जीवजंतूंवर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. देहरादूनच्या कोठडीत गांधीलमाश्यांनी घर केले होते. एकदा डसल्यावर त्यांनी त्यांच्याविरुद्ध युद्धच पुकारले. मग लक्षात आले की बिचाऱ्या आपले घरटे राखत आहेत. तेव्हा तह झाला आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ माणूस आणि माश्या एका खोलीत सुखाने नांदल्या. झाडावरून पडलेल्या खारीच्या पिल्लांना पेनात शाई भरायच्या नळीला कापूस लावून दूध पाजल्याचाही मजकूर त्यात आहे. गोठ्यात वासराला बाटलीने दूध पाजलेल्या बायाबापड्यांना यात नवल वाटणार नाही.

आपल्या महाराष्ट्राचा यात वाटा आहे तो नगरच्या किल्ल्याचा. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडून पंडितजींना आणि काँग्रेसच्या इतर पुढाऱ्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात आणून ठेवले. सुरुवातीला पत्रेही बंद आणि वर्तमानपत्रेही. मौलाना आझाद, वल्लभभाई, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी मोठी माणसे एका अंगणात कोंडलेली. पंडितजींनी कुदळ घेतली आणि त्या खडकाळ, राडारोड्याच्या जमिनीत फुलझाडांचे वाफे घातले. खणता खणता जुन्या भिंतींचे आणि इमारतींचे अवशेष लागले. मातीखाली इतिहास आणि वर फुले. १९४४ साली याच किल्ल्यात त्यांनी भारताच्या शोधाचे ते मोठे पुस्तक लिहिले आणि त्याच्या पहिल्याच पानांवर चंद्राच्या कला आणि ही बागकामाची हकिकत आहे. मार्च १९४५ पर्यंत ते तिथे होते. नगरच्या उन्हात, मुरमाड जमिनीवर वाफा जगवणे म्हणजे काय, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको.

किल्ल्यात जाण्यापूर्वी, देहरादूनच्या तुरुंगातून त्यांनी मुलीला एक पुस्तक पाठवले होते. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची ओळख करून देणारे, चित्रांचे, १९४१ साली मुंबईत निघालेले. लेखक सलीम अली. तोवर पक्षी असतात एवढेच ठाऊक होते, त्यांच्याकडे बघायला त्या पुस्तकाने शिकवले, अशा आशयाचे इंदिराबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. १९५० साली दिल्लीत पक्षी बघणाऱ्यांची एक मंडळी जमली, तिच्यात त्या सुरुवातीपासून होत्या. पहाटे उठून दुर्बीण घेऊन यमुनाकाठी पाखरे बघायला जायचे, हा पंतप्रधानांच्या मुलीचा छंद.

आता हा सलीम अली कोण, ते सांगितले पाहिजे.

१८९६ साली मुंबईत जन्म. लहानपणीच आईबाप गेले, मामांनी वाढवले. पोराच्या हातात छर्‍याची बंदूक आणि चिमण्या मारायचा नाद. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती जात? मामांनाही सांगता येईना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेचे सभासद. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली आणि आजही चालू असलेली. मामांनी संस्थेचे चिटणीस मिलार्ड साहेब यांच्या नावे एक चिठ्ठी दिली आणि पोराला मेलेली चिमणी घेऊन पाठवले. साहेब रागावला नाही. कपाटांचे खण उघडून त्याने पेंढा भरलेली कितीतरी पाखरे दाखवली आणि हे ओळखायचे कसे ते शिकवले. बघा, सगळ्या गोष्टीच्या मुळाशी पुन्हा एक चिठ्ठीच आहे, आणि ती खरी कामाला आलेली चिठ्ठी.

पुढे जर्मनीत जाऊन तो शिकून आला. १९३० साली परतला तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली जागा राहिली नव्हती. मग नवरा-बायको किहीमला येऊन राहिले. समोर समुद्र, मागे भातखाचरे, आणि झाडांवर सुगरणींची वसाहत. रिकामपण असे साजरे करणारा माणूस विरळा. झाडाशेजारी शिडी उभी केली, आडोसा केला आणि तासन् तास बघत बसला.

आपण तिला सुगरण म्हणतो, म्हणजे मादीला शाबासकी देतो. सलीम अलींच्या टिपणांत निघाले ते असे की विणकर नर आहे. पावसाळा लागला की नराचे डोके आणि छाती पिवळीधमक होते. भाताच्या, गवताच्या पातीची कड चोचीत धरून तो उडतो, तशी लांब पट्टी सोलून निघते. ती विणून तो आधी एक कडे करतो, मग टोपीसारखे अर्धे घरटे. एवढे झाले की माद्या येतात आणि तपासणी सुरू होते. आत शिरतात, ओढून बघतात, नापसंत पडले तर चालत्या होतात. पसंत पडले तर मादी तिथे राहते, नर खालची नळी पुरी करतो. आणि मग? मग हा गृहस्थ शेजारीच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवायचे सगळे पहिलीच्या माथी. विहिरीवरच्या बाभळीला अर्धवट टोप्या लोंबताना तुम्ही पाहिल्या असतील. ती वाऱ्याने मोडलेली घरटी नव्हेत, तपासणीत नापास झालेली आहेत. १९३१ साली हे सारे संस्थेच्या नियतकालिकात छापून आले आणि जगभरच्या पक्षी-पंडितांनी वाचले. हजारो वर्षे आपल्या विहिरीवर चाललेला संसार कोणी नीट बघून लिहिला नव्हता.

मी राहतो त्या वस्तीचे नाव खोपट. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, एस. टी. चे स्थानक आहे ते. खोपट म्हणजे झोपडी आणि सुगरणीचे घरटे म्हणजे खोपा, शब्द एकाच घरातले. आता इथे झोपडीही उरली नाही आणि खोपाही. सिद्धेश्वर तळे तेवढे आहे, त्याच्या भोवती इमारती. खरा खोपा बघायचा तर शहापूर-मुरबाडच्या गाडीत बसावे लागते.

तर वडील आणि मुलगी एका बाजूला, सलीम अली दुसऱ्या बाजूला, अशी ही पत्रे सुरू झाली. राजस्थानातल्या भरतपूरला संस्थानिकांचे शिकारीचे मोठे पाणथळ होते. १९३८ साली व्हाइसरॉयच्या एका दिवसाच्या शिकारीत तिथे चार हजारांवर पाखरे पडली होती. स्वातंत्र्यानंतर ते पाणथळ मोडून जमीन करावी अशी मागणी निघाली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंकडे रदबदली केली आणि पाणी राहिले. मुलगी पंतप्रधान झाल्यावर तर पत्रांना धार आली. जयराम रमेश यांनी २०१७ साली इंदिराबाईंच्या या बाजूवर इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात सरकारी दप्तरातली अशी पत्रे आणि शेरे पानोपानी आहेत. कुठे झाडे तुटली, कुठल्या तळ्यात कारखान्याचे पाणी सुटले, हे वाचले की बाई मुख्यमंत्र्याला लिहीत आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहीत. १९७२ चा वन्य जीवांचा कायदा आणि १९७३ चा वाघांचा प्रकल्प त्यांच्याच काळातला. केरळात सायलेंट व्हॅली नावाच्या घनदाट रानात वीज प्रकल्पासाठी धरण होणार होते. तिथल्या शिक्षकांनी, लेखकांनी, विज्ञानाचा प्रचार करणाऱ्या मंडळींनी आवाज उठवला, सलीम अलींनीही लेखणी उचलली. शेवटी धरण रद्द झाले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराबाईंची हत्या झाली आणि त्यानंतर पंधरवड्यातच ते रान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.

पण या सगळ्या पत्रांत आपल्या कोकणपट्टीच्या दृष्टीने महत्त्वाचे पत्र एकच. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिराबाईंनी समुद्रकाठच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना ते लिहिले. आपल्याकडे तेव्हा बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री, खुद्द कोकणातले. पत्राचा मतलब सरळ होता. किनाऱ्यांची नासाडी चालली आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथून ५०० मीटरपर्यंतची जागा मोकळी ठेवा. जिथे धूप होते तिथे झाडे लावा. गावांची आणि कारखान्यांची घाण किनाऱ्यावर येऊ देऊ नका.

एक पत्र. कायदा नव्हे, वटहुकूम नव्हे. मुख्यमंत्र्यांच्या कचेरीत अशी पत्रे येतात आणि फायलीत जातात. पण या पत्रातले ५०० मीटर टिकले. १९८६ साली पर्यावरण रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनाऱ्याच्या नियमांची अधिसूचना निघाली, तिच्यात हेच अंतर आले. समुद्रापुरतेच नव्हे, जिथे भरती-ओहोटी चढते त्या खाड्याही तिच्यात आल्या. पत्र लिहिणारी बाई तेव्हा हयात नव्हती.

ठाण्याची खाडी खोपटपासून फार लांब नाही. रेल्वेचे रूळ ओलांडून कोपरीकडे गेले की चिखलाचा वास येतो. तिवरांची रांग, त्यापलीकडे चिखल, ओहोटीच्या वेळी त्या चिखलावर हजारो रोहित पक्षी. पंखांना गुलाबी झाक, मान वाकडी करून चोच उलटी बुडवून खाणारे. हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यात गुजरातेकडे परततात. २०१५ साली या खाडीचा काही भाग रोहितांचे अभयारण्य झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ६,५०० हेक्टर खाडीला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या, म्हणजे रामसरच्या, यादीत जागा मिळाली. मधल्या काळात, २००५ साली, मुंबई उच्च न्यायालयाने साऱ्या महाराष्ट्रात तिवरांच्या तोडीला मनाई केली होती. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात ही खाडी जिवंत राहिली, तिला पुष्कळ कारणे आहेत आणि पुष्कळांचे हात लागले आहेत. त्या कारणांत १९८१ चे ते पत्र धरावेच लागते.

आता कडू बाजू. पेण, अलिबाग, पनवेलकडच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्या आज्या-पणज्याने खाडीला बांध घालून, उघाडी बसवून खारी जमीन गोडी केली आणि भात पिकवला. बांध दरवर्षी डागडुजी मागतो. पूर्वी गाव मिळून बांध घाली, मग ती पद्धत मोडली, दुरुस्ती सरकारच्या हाती गेली. एखाद्या उधाणाला बांध फुटला, वेळेवर बांधला गेला नाही, खारे पाणी शेतात आले. चार वर्षांत तिवरे रुजली. एकदा तिवरे उभी राहिली की त्यांना कोयता लावणे गुन्हा. सातबारा याच्या नावाचा, शेतात भरतीचे पाणी आणि रान. तिवरे वाईट नव्हेत. उधाणाचा जोर तीच मोडतात, आणि निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी त्यांच्याच मुळांत वाढते. पण त्या माणसाचे भात गेले त्याचे काय, याचे उत्तर दिल्लीच्या पत्रात नव्हते आणि मुंबईच्या निकालातही फारसे नाही.

कोळीवाड्यात गेलात तर वेगळी तक्रार ऐकू येईल. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवायची तर किनाऱ्याचा नियम आडवा येतो. आणि शेजारीच कोणाची टोलेजंग इमारत कशी उभी राहते ते कळत नाही. नियमही सैल होत गेले. खाडीकाठी २०११ च्या नियमांत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते राखायचे होते. २०१९ च्या नियमांत १०० चे ५० झाले. ज्यांच्यासाठी नियम सैल झाला ते कोळीच आहेत की आणखी कोणी, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते पाहावे.

दुसरे असे की पाखरांना लिहिणारी लेखणी माणसांच्या बाबतीत नेहमी तेवढीच हळवी होती असे नाही. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत विरोधक तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते. त्याच आणीबाणीत, १९७६ साली, घटनेत दुरुस्ती होऊन वने आणि वन्य जीव राखणे हे सरकारचे काम आणि नागरिकाचे कर्तव्य ठरले. ज्या बाईच्या वडिलांनी तुरुंगातून मुलीला पाखरांचे पुस्तक पाठवले, तिनेच पुढे इतरांच्या वडिलांना तुरुंगात घातले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक लिहून दुसरी झाकणे मला जमत नाही.

आणि भरतपूरची गोष्ट अजून संपलेली नाही. खरे तर ती सांगण्यासाठीच मी हा सारा पत्रव्यवहार तुमच्यापुढे मांडला.

भरतपूरच्या पाणथळात आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या चरायच्या. पाणी कमी झाले की म्हशी आत शिरायच्या, गवत खायच्या, चिखलात लोळायच्या. पाखरे बघायला येणाऱ्या शहाण्या माणसांना म्हशी म्हणजे अडगळ वाटे. पक्ष्यांच्या जाणकारांचा सल्ला पडला की चराई थांबवावी. कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चालत नाहीतच. १९८२ साली उद्यान जाहीर झाले आणि चराई बंद केली गेली. गावकऱ्यांना ना पर्यायी कुरण मिळाले, ना कोणी त्यांना विचारले. वाद पेटला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली.

मग काय झाले? सलीम अलींच्याच संस्थेने भरतपूरचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला होता. १९८० च्या सुमारास सुरू झालेला हा अभ्यास सलीम अलींच्या निधनानंतर, म्हणजे १९८७ नंतर, पुरा झाला. त्यातून निघाले ते असे. म्हशी गेल्या आणि पाण्यातले एक गवत माजले. वर्षामागून वर्षे ते वाढत गेले, पाण्यावर त्याची सतरंजी पसरली. बदकांना पोहायला मोकळे पाणी हवे, ते कमी झाले. मासळीला अडचण, मासळीवर जगणाऱ्या पाखरांना अडचण. म्हशी ते गवत खाऊन आणि तुडवून ताब्यात ठेवत होत्या. ज्यांना अडगळ म्हणून हाकलले त्या तळ्याच्या सफाईवर होत्या. पुढे गवत काढण्याचे काम माणसांकडून करून घ्यावे लागले, आसपासच्या गावकऱ्यांना आत जाऊन चारा कापून न्यायची मुभा द्यावी लागली.

इथे मला संस्थेला मान द्यावासा वाटतो. आपल्याच बाजूच्या सल्ल्याविरुद्ध निघालेला निष्कर्ष तिने कपाटात टाकला नाही, छापला. शिडीवर बसून जे दिसेल तेच लिहायचे, ही किहीमची सवय होती. पण भरतपूरच्या गुराख्याला हे दहा वर्षांच्या अभ्यासाशिवाय ठाऊक होते. ज्याची म्हैस रोज त्या पाण्यात उतरते त्याला गवत कुठे माजते आणि कुठे नाही हे कोणी शिकवावे लागत नाही. पंतप्रधानांना पत्र लिहिणाऱ्यांत तो नव्हता, एवढेच.

आपल्याकडेही याचा वानोळा आहे. माळढोक हा मोठा देखणा पक्षी, सोलापूर-नगरच्या माळांवरचा. मोराऐवजी हाच राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सलीम अलींचे मत होते. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि नकाशावर रेघ ओढताना हात असा मोकळा सुटला की सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर मुलूख आत आला. गावे, ज्वारीची राने, बाजारपेठा, सगळे अभयारण्यात. जमिनीचे व्यवहार अडले, कामे अडली, आणि ज्या शेतकऱ्याने माळढोकाला पिढ्यान् पिढ्या रानात फिरू दिले होते त्याच्या मनात त्या मुक्या पाखराबद्दल अढी बसली. पुष्कळ वर्षांनी कोर्टकचेऱ्या होऊन ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक दिसणे दुर्मिळ झाले होते. त्याला कारणे अनेक आहेत, माळ नांगरले गेले, कालवे आले, विजेच्या तारा आल्या. पण ज्याच्या शेतात पाखरू राहते त्याच्याशी भांडण काढून पाखरू राखता येत नाही, हे सोलापूरच्या कोणत्याही म्हाताऱ्याने आधीच सांगितले असते.

म्हणून या खेपेला वाचकांकडे एक मागणे आहे. थोरामोठ्यांची पत्रे पुष्कळ वाचली, आता तुमची येऊ द्यात. येत्या पावसाळ्यात तुमच्या विहिरीवर, ओढ्यावर, शिंदीच्या किंवा बाभळीच्या झाडावर सुगरणीने घरटे विणायला घेतले की ती तारीख लिहून ठेवा. झाड कोणते, खाली पाणी आहे की नाही, घरटी झाडाच्या कोणत्या अंगाला आहेत, पुरी किती आणि टोपीसारखी अर्धवट सोडलेली किती. पाऊस त्या आधी किती दिवस लागला होता. भात किंवा ज्वारी कोणत्या अवस्थेत होती. गेली दोन-चार वर्षे घरटी येत होती आणि आता येत नसतील तर तेही लिहा, आणि तुमच्या मते का, ते जरूर लिहा.

आणखी एक. घरट्याच्या आत ओल्या मातीचे लहान गोळे लिंपलेले असतात. त्यात सुगरण काजवे चिकटवते आणि रात्री दिवा लावते, असे आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतात. वाऱ्यात घरटे फार हेलकावू नये म्हणून ही माती असावी असे काही अभ्यासक मानतात. हंगाम सरल्यावर खाली पडलेले घरटे सापडले तर उकलून बघा. वर झाडावरचे मात्र कोणी काढू नका. काजवा सापडला तर सदराच्या नावे पोस्टकार्ड टाका. न सापडला तरीही टाका.